दुरुस्तीसाठी ठेवलेली जागा

टेपबाईंना आयुष्यात एकदाच कुणी खोटं ठरवलं, आणि तेही निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, त्या घरात मटार सोलत बसलेल्या असताना.

फोन ऑपरेटरचा होता. हा त्यांचा जुना विद्यार्थी. जन्मापासून दिसत नाही, पण एकदा ऐकलेला आवाज हा माणूस वीस वर्षांनीही ओळखतो. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोनवर त्याची नोकरी आहे, आणि अंधशाळेच्या कमिटीवर तो माजी विद्यार्थ्यांतर्फे बसतो.

"बाई, बसला आहात ना?"

"बसलेय. मटार सोलतेय. का रे?"

"मटार बाजूला ठेवा. काल कमिटीत एक ठराव झालाय. मी नको म्हणालो, पण माझं एकट्याचं कोण ऐकतंय. जसाच्या तसा सांगतो."

आणि त्याने तो धडाधड म्हणूनच दाखवला. ध्वनिग्रंथालयातील चारशे तीस सीड्यांपैकी तीनशे बारा सीड्या संगणकावर कॉपी करून झाल्या. उरलेल्या एकशे अठरा सीड्या कोऱ्या आढळल्या. तत्कालीन ग्रंथपालांनी कोऱ्या सीड्या भरलेल्या म्हणून नोंदवहीत दाखवल्या असे दिसते. सर्व सीड्या सोमवारी भंगारात द्याव्यात.

तत्कालीन ग्रंथपाल म्हणजे टेपबाई.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मटाराचं ताट त्यांनी बाजूला ठेवलं नाही, सरकवलं, आणि ते टेबलाच्या कडेवरून खाली गेलं. आवाज ऐकून आतून नणंद आली. नणंद वयाने मोठी, दोघी एकत्र राहत होत्या, आणि भावजयीचा राग कसा असतो हे तिला चाळीस वर्षं ठाऊक होतं.

"काय झालं वहिनी? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, वन्सं. मला चोर म्हणतायत."

"काय चोरलंस?"

"आवाज! एकशे अठरा सीड्यांमधला आवाज. म्हणे मी कोऱ्याच भरून ठेवल्या कपाटात."

नणंद खाली बसून एकेक दाणा वेचू लागली. "तू आणि कोरी? तू दूधवाल्याच्या चिठ्ठीतसुद्धा समास सोडतेस. जा, विचारून ये त्यांना. मी मटार बघते."

शनिवार होता. शाळा दुपारी सुटायची. टेपबाईंनी पायात चपला अडकवल्या आणि निघाल्या. चष्मा घरीच राहिला हे त्यांना कोपऱ्यावर कळलं, म्हणून परत आल्या, आणि त्यामुळे राग आणखी एक पायरी वर चढला.

त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेतलंच नाही. अंधशाळेत त्या आल्या तेव्हा वाचून दाखवलेली पुस्तकं टेपवर भरली जायची, म्हणून मुलांनी त्यांना टेपबाई केलं. पुढे टेपा गेल्या, सीड्या आल्या, नाव तेच राहिलं. जिन्याखालची एक खोली त्यांच्याकडे होती. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, दाराच्या फटीत कापडाची गुंडाळी, मध्ये टेबल, माइक आणि आवाज सीडीवर भरायचं यंत्र. बाहेरची माणसं सवडीने येऊन पुस्तकं वाचायची, आणि टेपबाई समोर बसून एकेक शब्द ऐकायच्या. वाचणाऱ्याने घड्याळ काढून ठेवायचं, कारण टिकटिक माइकला ऐकू जाते. खुर्ची कुरकुरली की थांबायचं. पान उलटताना वाक्य संपलेलं असलं पाहिजे. एका निवृत्त पोस्टमास्तरांना त्यांनी एका प्रकरणाच्या सुरुवातीला सात वेळा थांबवलं होतं, कारण त्यांना दरवेळी पहिल्या ओळीआधी खोकला यायचा. शेवटी पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, खोकला राहू द्या, मुलांना कळेल मीच आहे ते." आणि टेपबाईंनी तो राहू दिला. इतक्या वर्षांत त्यांनी नियम मोडला असा तेवढाच.

अशा बाईने कोऱ्या सीड्या नोंदवल्या म्हणे!

शाळेच्या मागच्या ओसरीत ऑपरेटर आधीच येऊन थांबला होता. त्याचा हात एका पोत्यावर होता.

"बाई, यात हात घालून बघा."

टेपबाईंनी पोत्याचं तोंड उघडलं. आत सीड्याच सीड्या, पाकिटांतून काढलेल्या, एकमेकींवर घासत पडलेल्या. पाकिटं वेगळ्या पोत्यात, रद्दीला. त्यांच्या अक्षरातली नावं, वाचणाऱ्याचं नाव, तारीख, पानांचे आकडे, सगळं एकीकडे, आणि सीड्या दुसरीकडे. त्यांनी एक सीडी कडांनी धरून उचलली. पाठीवर नखभर लांब ओरखडा.

"बटाटे तरी असे भरतात का रे?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. ऑपरेटरला माहीत होतं की बाईंचा आवाज खाली गेला की समोरच्याने जपून असावं.

संगणकाच्या खोलीत संगणकवाला टेबल आवरत होता. तिशीतला माणूस, तीन शाळांची कामं एकटाच बघायचा, प्रत्येक कामानंतर हात झटकून "झालं!" म्हणायचा. स्वभावाने वाईट नव्हता. घाईचा होता.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेतलात? काम झालंय सगळं."

"एकशे अठरा कोऱ्या म्हणालात तुम्ही?"

"मी नाही म्हणालो, संगणक म्हणाला." त्याने टेबलाखालच्या खोक्यातून एक सीडी काढून संगणकात घातली. ती आत गरगरली, थांबली, पुन्हा गरगरली. पडद्यावर आलं, डिस्क रिकामी आहे. "बघा. एकेक घालून पाहिली मी. एकशे अठरा वेळा."

"सीडीकडे बघितलंत?"

"म्हणजे?"

"डोळ्यांनी. देवाने दिलेत ना तुम्हाला? या शाळेत ती चैन थोड्यांनाच आहे."

ऑपरेटर खुदकन हसला. टेपबाईंनी सीडी बाहेर काढायला लावली, खिडकीशी नेली आणि पाठ उजेडाकडे तिरकी धरली. "इकडे या. मधल्या भोकापासून बाहेर या. हा गडद पट्टा दिसतो? इथपर्यंत. आणि इथून पुढे फिका. दिसतो की नाही?"

"दिसतोय."

"सीडी आतून बाहेर भरत जाते. भरलेला भाग गडद होतो. कोऱ्या सीडीला असा पट्टा नसतो, ती सगळी एकसारखी असते. तुमच्याकडे नवी असेल तर आणा, शेजारी धरून बघा."

त्याने खणातून नवी सीडी आणली, शेजारी धरली, आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिला.

"तुमचा संगणक म्हणाला रिकामी, आणि तुम्ही मला खोटं ठरवून मोकळे झालात. एकदा फोन करावासा वाटला नाही? माझा नंबर ऑफिसात भिंतीवर आहे."

"मॅडम, मी फक्त आकडा दिला. ते वाक्य कमिटीने घातलं."

"आकडा तुमचा ना?"

तो वरमला. मग सावरून म्हणाला, "ठीक आहे, या एकशे अठरांचं बघू. पण तीनशे बारा तर मी व्यवस्थित उतरवल्यात. त्या तरी ऐका, मग तुमचा राग जाईल."

त्याने संगणकावरचा कप्पा उघडला. फाइलींच्या रांगा खालपर्यंत गेलेल्या. त्याने ऐटीत एकीवर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली, फाइल चालू शकत नाही. दुसरी. तीच चौकट. तिसरी.

"तेव्हा तर वाजत होत्या! प्रत्येक सीडीतली एकेक वाजवून बघितली होती मी."

"त्या वेळी सीडी कुठे होती?" ऑपरेटरने विचारलं.

"संगणकातच. कॉपी करून, लगेच वाजवून, मग बाहेर काढायचो."

टेपबाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि पडद्याच्या जवळ गेल्या. संगणक त्यांना फारसा येत नव्हता, पण आकड्यांची रांग दिसली की ती तपासल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "प्रत्येकीपुढे हे एक केबी, एक केबी लिहिलंय ते काय?"

"फाइलचं माप."

"तुमच्या ठरावाचं पत्र केवढं आहे?"

त्याने शोधलं. "पंचवीस केबी."

"म्हणजे एका पानाच्या पत्रात पंचवीस, आणि पोस्टमास्तर पाऊण तास भूगोल वाचतात त्याचं एक? ते काय इतके हळू बोलायचे?"

संगणकवाल्याचा चेहरा हळूहळू उतरला. माणसाला आपली चूक कळायला लागते तेव्हा तो आधी कान खाजवतो, त्याने खाजवला. मग स्वतःच सांगू लागला, कारण मनाने तो प्रामाणिक होता. आवाजाच्या सीडीतून फाइल नुसती ओढून संगणकात टाकली की आवाज येत नाही, फक्त पत्ता येतो. अमुक सीडी, अमुक क्रमांकाचा तुकडा, एवढंच. सीडी आत असेपर्यंत संगणक त्या पत्त्यावर जाऊन आवाज वाजवतो. सीडी काढली की पत्ता उरतो, घर नाही. आवाज खरोखर उतरवायचा तर त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लावावा लागतो.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं मॅडम. गाण्यांच्या बाबतीत माहीत होतं. इथे घाईत..."

"घाईत भरलेल्या सीड्यांना कोऱ्या म्हणालात आणि कोऱ्या फाइलींना भरलेल्या. आणि ज्या सीड्यांमध्ये तो आवाज जिवंत आहे त्या पोत्यात घासत पडल्यात. सोमवारी गाडी येऊन घेऊन गेली असती. मग?"

हे शेवटचं "मग" पट्ट्यापासूनचं सगळं ऐकत दारात उभ्या राहिलेल्या मुख्याध्यापिकांनीही ऐकलं. त्या या शाळेत नव्या शिक्षिका म्हणून लागल्या तेव्हा टेपबाईंसमोर बसून इतिहासाचं एक पुस्तक वाचून गेल्या होत्या. पण आता ठरावाखाली त्यांचीच सही होती.

"बाई, आपण शांतपणे बोलू या का? तसंही ती पुस्तकं जुनी झालीत. अभ्यासक्रम दोनदा बदलला."

"अभ्यासक्रम बदलला असेल," ऑपरेटर म्हणाला, "वारे अजून तसेच वाहतात, मॅडम. आणि व्याकरण? गोष्टी? शब्दकोश? माझी मुलगी डोळस आहे, तीसुद्धा मला विचारते, तुमच्या त्या शब्दकोश वाचणाऱ्या काकू कशा बोलायच्या?"

मुख्याध्यापिकांनी विषय बदलला. "पण एकशे अठरा का वाजत नाहीत?" त्यांनी टेपबाईंना विचारलं. "पट्टा दिसतो म्हणता, मग वाजत का नाहीत?"

प्रश्न रास्त होता. टेपबाई खोक्याकडे वळल्या. या सीड्या अजून पाकिटांत होत्या. त्यांनी पहिलं पाकीट उचललं. कोपऱ्यात लाल ठिपका. दुसरं. लाल ठिपका. तिसऱ्यावरही. त्यांनी उरलेली पाकिटं भराभर चाळली. सगळ्यांवर तोच ठिपका.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मी या बंद केलेल्याच नाहीत."

मग त्यांनी सांगितलं, आणि आपल्या वाट्याची चूक लपवली नाही. सीडी भरून झाली की यंत्रावरचं एक बटण दाबून ती बंद करायची असते. बंद केली की ती कुठेही वाजते, पण मग तिच्यात काही घालता येत नाही. बंद केली नाही तर फक्त भरणारं यंत्रच तिला ओळखतं; बाकीच्यांना ती रिकामीच वाटते. टेपबाई सीडी लगेच बंद करत नसत. वाचणाऱ्याच्या हातून चूक होतेच. म्हणून शेवटी थोडी जागा मोकळी ठेवायची, दोन वर्षं ती सीडी त्याच खोलीत, त्याच यंत्रावर मुलांनी ऐकायची, चुका सांगायच्या, त्या जागेत दुरुस्ती भरायची आणि मगच बटण दाबायचं. निवृत्तीआधीच्या दोन वर्षांत त्यांनी जुन्या टेपा सीड्यांवर उतरवल्या. त्या याच एकशे अठरा. त्यांची दोन वर्षं भरण्याआधी टेपबाईंची भरली.

"कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी लावली होती मी. लाल ठिपका म्हणजे बंद केलेली नाही."

"ते कपाट वाळवी लागली म्हणून टाकलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"आणि माझ्या जागी कुणी नेमलं नाही, म्हणून मी ते कुणाला तोंडानेही सांगितलं नाही. चुकलंच माझं. पण टेपा आता कुठे आहेत?"

टेपा नव्हत्या. सीड्या झाल्यावर त्या शाळेने टाकून दिल्या होत्या. खोलीतल्या सगळ्यांनाच आता नीट कळलं की त्या खोक्यापलीकडे या आवाजांचं जगात दुसरं काही उरलेलं नाही.

"ते यंत्र?" संगणकवाल्याने विचारलं. आता त्याच्या तोंडात "झालं" नव्हतं.

यंत्र जिन्याखालच्या खोलीतच होतं. गोधड्या काढून नेलेल्या, खोलीत झाडू आणि मोडकी बाकं, आणि कोपऱ्यात टेपबाईंनीच शिवलेली खोळ घातलेलं यंत्र. संगणकवाल्याने ते जोडलं. दिवा लागला. बटण दाबलं, आतून घुर्र झालं, पण ट्रे बाहेर येईना.

"मोटर गेली," तो म्हणाला.

"मोटर नाही गेली," ऑपरेटरने कान टेकवून सांगितलं. "मोटर फिरतेय. आतला रबरी पट्टा घसरतोय."

"रबर सैल पडलं असेल, पाच वर्षं उभंच आहे ते," टेपबाई म्हणाल्या. "तू बटण दाब. मी नखाने ट्रेची कड ओढते. आता!" तिसऱ्या खेपेला ट्रे खुरडत बाहेर आला. त्यांनी सीडी ठेवली, ट्रे हलकेच आत लोटला आणि खोलीतले चौघेही गप्प झाले.

यंत्राने थोडा वेळ विचार केला. मग पोस्टमास्तर खोकले.

मुख्याध्यापिका एका मोडक्या बाकावर बसल्या. पोस्टमास्तरांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

टेपबाईंनी बटण दाबलं. दोन-अडीच मिनिटांत सीडी बंद झाली. संगणकवाला ती घेऊन पळतच गेला, आणि वरून ओरडला, "दिसतेय! सगळे तुकडे दिसतायत!" बाकीचे वर पोचल्यावर या वेळी त्याने योग्य तो प्रोग्रॅम लावला, उतरलेली फाइल वाजवली, मग टेपबाईंनी हात पुढे केला म्हणून सीडी काढून त्यांच्या हातात दिली आणि फाइल पुन्हा वाजवली. वाजली. तेव्हा कुठे त्या "हं" म्हणाल्या.

सोमवारची गाडी रिकामी परत गेली. टेपबाई तो सगळा आठवडा आणि पुढचाही शाळेत येत राहिल्या. तीनशे बारा सीड्या पोत्यांतून निघाल्या, रद्दीतली पाकिटं त्यांना शोधून जोडली गेली, आणि सगळं नव्याने उतरवायला घेतलं. ओरखडे पडलेल्या मध्येच अडायच्या. संगणकवाला सदऱ्याच्या बाहीने गोल पुसायला लागला की टेपबाई त्याच्या हातातून काढून घ्यायच्या. "गोल नाही. मधून कडेकडे, सरळ. मऊ फडक्याने. आणि तुमच्या त्या यंत्राला सांगा जरा सावकाश वाच म्हणून. इथेही घाई." त्याने वाचण्याचा वेग कमी केला, आणि अडलेल्यांपैकी बऱ्याच सुटल्या. तरी नऊ सुटल्या नाहीत. त्या नऊंची नावं टेपबाईंनी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून मुख्याध्यापिकांच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवली. "या कोऱ्या नव्हत्या. या पोत्यात मेल्या. रोज दिसू देत."

मग ठरावाचा प्रश्न आला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कमिटीच्या वहीत लिहिलेलं खोडता येत नाही आणि मध्ये दुरुस्तीला जागा नसते.

"बघा! म्हणूनच मी ठेवत होते."

शेवटी खाली चिठ्ठी चिकटवायचं ठरलं. मुख्याध्यापिकांनी ती लिहून आणली. सदर सीड्या कोऱ्या नसल्याचे समजते.

"समजते?" टेपबाईंनी लाल पेन काढलं. "तुम्ही स्वतः बाकावर बसून ऐकलंत. समजते काय? नव्हत्या म्हणा. आणि खाली लिहा, ग्रंथपालांनी त्या बंद केल्या नव्हत्या, ही ग्रंथपालांची चूक. तेही राहू दे. माझी चूक मी मानते, तुमची तुम्ही माना."

मुख्याध्यापिकांनी चिठ्ठी परत लिहिली. ती चिकटवेपर्यंत टेपबाई तिथून उठल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी लाल ठिपक्याची एकच सीडी उरली होती. पुन्हा पोस्टमास्तर, भूगोल, दुसरा भाग. ऑपरेटर रुग्णालयातली पाळी संपवून आला होता. टेपबाईंचं बोट बटणावर गेलं आणि तो म्हणाला, "बाई, थांबा. बंद करू नका. यात चूक आहे."

"कसली चूक?"

"खारे वारे. पोस्टमास्तर म्हणालेत, दिवसा जमिनीकडून समुद्राकडे. उलटं आहे ते. मी टेपवर ऐकून तसंच लिहिलं परीक्षेत. दोन गुण गेले माझे."

"अरे, मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? ते प्रत्येक धड्यानंतर मला विचारायचे, नीट वाचलं ना रे? मी म्हणायचो, एकदम नीट."

टेपबाईंनी बटणावरचं बोट काढलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं. दाराच्या फटीत कापडाची गुंडाळी लावायला सांगितली. संगणकवाला खुर्चीत हलला, तशी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो हलायचा थांबला.

त्यांनी यंत्र आवाज भरण्यावर लावलं आणि माइक ऑपरेटरच्या तोंडासमोर सरकवला.

"तुझे गुण गेलेत. तूच सांग. सावकाश, आणि वाक्य संपल्यावरच श्वास घे."

ऑपरेटरने घसा साफ केला. ते माइकने ऐकलं, पण बाईंनी त्याला थांबवलं नाही.

"दुरुस्ती," तो म्हणाला. "खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात."

टेपबाईंनी बटण दाबलं.